आधी सोयरीक, मग प्रेम

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. त्याला आजोबांच्या मृत्युपत्रातली अट पुरी करायची असते. तिला वडिलांचं कर्ज फेडायचं असतं, किंवा धाकट्या भावाचं ऑपरेशन असतं. दोघं एका कागदावर सह्या करतात. खोल्या वेगळ्या, एकमेकांच्या आयुष्यात लुडबुड करायची नाही, वर्ष संपलं की दोघं मोकळे. मग सातव्या-आठव्या भागात कुणालातरी ताप येतो. ताप यावाच लागतो, त्याशिवाय कपाळावर हात कसा ठेवणार? चाळिसाव्या भागापर्यंत तो कागद कुठेतरी कपाटात पडलेला असतो आणि दोघांनाही तो आठवू नये असं वाटत असतं. मग तो नेमका चुकीच्या माणसाच्या हाती लागतो.

मोबाइलवर मराठी कथा वाचणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. 'करार', 'कॉन्ट्रॅक्ट मॅरेज', 'नात्याची डील' असलं काही शीर्षकात असलं की भाग उघडला जातो. याच गोष्टीला मोटारीऐवजी घोडे लावा, फ्लॅटऐवजी वाडा द्या, कर्जाऐवजी राज्यावरचं संकट आणा, की ऐतिहासिक प्रणयकथा तयार. तिथे तर हा करार जास्त पटतो, कारण राजघराण्यातली लग्नं प्रेमाने होत नसत हे आपण सगळे शाळेपासून धरून चाललो आहोत.

मी चंद्रपूरची आहे आणि या कथा आवडीने वाचते. त्यांची टिंगल करणं सोपं आहे, म्हणून ते मी बाजूला ठेवते. मला वेगळं कुतूहल आहे. ज्या समाजात बहुतेक लग्नं आजही बायोडेटा, पत्रिका आणि पगाराची स्लिप पाहून ठरतात, त्या समाजातल्या मुलींना सुटीच्या वेळेतसुद्धा ठरवून केलेल्या लग्नाचीच गोष्ट का वाचावीशी वाटते? रोजच्या जेवणातली डाळ हॉटेलात जाऊन कुणी मागवतं का?

इंग्रजीत या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत जॉर्जेट हेयरचं नाव आधी घ्यावं लागतं. तिची 'द कन्व्हीनियंट मॅरेज' ही कादंबरी १९३४ची. एक श्रीमंत सरदार एका घरातल्या थोरल्या मुलीला मागणी घालतो. घराला पैशाची गरज आहे, पण थोरलीचा जीव दुसऱ्यावर जडलेला. तेव्हा सतरा वर्षांची धाकटी, जिची जीभ बोलताना अडखळते, ती स्वतः उठून त्या सरदाराच्या घरी जाते आणि सांगते: तिच्याऐवजी माझ्याशी लग्न करा, मी तुमच्या वाटेत येणार नाही. पुढे १९६१मध्ये हेयरनेच 'अ सिव्हिल काँट्रॅक्ट' लिहिली. त्यात घराणं मोठं पण कर्जात बुडालेल्या तरुणाचं लग्न एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या साध्यासुध्या मुलीशी होतं. त्याचं प्रेम भलत्याच सुंदर मुलीवर असतं. शेवटी तो बायकोवर प्रेम करू लागतो, पण ते वीज पडल्यासारखं नाही. घरात कुणीतरी आपली काळजी घेतंय हे हळूहळू जाणवावं, तसं. काही वाचक या शेवटावर अजून नाराज असतात. मला तो तिच्या सगळ्या कादंबऱ्यांत जास्त खरा वाटतो.

हेयरच्या या दोन गोष्टी ज्या काळात घडतात, त्या काळी इंग्लंडमध्ये लग्न झालं की बायकोची मालमत्ता नवऱ्याची होई. तिच्या नावावर काही राहावं म्हणून वडिलांना लग्नाआधी वकिलाकडून वेगळी तजवीज करून घ्यावी लागे. विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचे कायदे आले ते १८७० आणि १८८२मध्ये. म्हणजे तिथेही लग्न हा व्यवहार होता. कादंबरीने केलं काय, तर त्या व्यवहाराच्या बैठकीत मुलीला खुर्ची दिली.

ही खुर्चीची गोष्ट जरा लक्षात ठेवा.

आपल्याकडे लग्नाने जोडलेल्या नात्याला 'सोयरीक' म्हणतात. शब्दाची व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञ सांगतील, पण ऐकणाऱ्या कानाला त्यात 'सोय' ऐकू येतेच. सोयरीक करायची म्हणजे दोन घरांची सोय पाहायची. 'साटंलोटं' हा शब्द तर त्याहून रोखठोक: तुमची मुलगी आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. आमच्या भागातल्या गोंडांमध्ये आते-मामे भावंडांच्या लग्नाला 'दूध लौटाना', म्हणजे दूध परत करणं, म्हणत असल्याची नोंद रसेल आणि हिरालाल यांनी १९१६च्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात केली आहे. एका पिढीत मुलगी गेली, पुढच्या पिढीत त्या घरातून मुलगी आली, हिशेब पुरा. ज्या मुलाकडे वधूमूल्य द्यायला काही नसे, तो लमसेना म्हणून होणाऱ्या सासऱ्याच्या शेतात काही वर्षं राबत असे. व्यवहार होता, पण तो उघड होता आणि त्यात मुलीच्या श्रमाची किंमत मुलाकडच्यांना मोजावी लागे. हुंड्यात तो बाण उलटा फिरतो. मी या रिवाजांना सोन्याचा मुलामा देत नाही. वधूमूल्यसुद्धा मुलीच्या बापाच्या हातात जातं, तिच्या नाही.

आता राजघराण्यांकडे वळू. मध्य भारतात गोंडांची चार मोठी राज्यं होती: गढा-मंडला, खेरला, देवगड आणि आमचं चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर. सध्याचा गडचिरोली जिल्हा १९८२पर्यंत चंद्रपूरचाच भाग होता आणि त्यातला मोठा मुलूख चांद्याच्या राजांच्या अमलाखाली होता. या चार राज्यांपैकी बाहेरच्या जगाला ठाऊक असलेलं नाव एकच, गढ्याची राणी दुर्गावती. तिच्या लग्नाच्या दोन गोष्टी आहेत आणि प्रणयकथा कशी जन्माला येते हे पाहायचं असेल तर त्या शेजारी ठेवून वाचाव्यात.

पहिली गोष्ट अबुल फजलची, 'अकबरनामा'मधली. दुर्गावती चंदेल राजाची मुलगी. चंदेलांचं कूळ जुनं आणि मानाचं, पण दिवस फिरलेले. गढ्याचा दलपतशहा कुळाने त्यांच्या बरोबरीचा मानला जात नसे, पण त्याच्याकडे संपत्ती होती. परिस्थितीपुढे मान तुकवून चंदेल राजाने मुलगी दिली. इतकंच. हेयरची कादंबरी आठवली ना? एका बाजूला खालावलेलं थोर घराणं, दुसऱ्या बाजूला कुळाने कमी पण पैशाने भक्कम घर. फक्त इथे स्त्री-पुरुषांच्या जागा बदलल्या आहेत.

दुसरी गोष्ट पुढे जवळजवळ अडीचशे वर्षांनी छापली गेली. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध असलेला स्लीमन जबलपूरकडे अधिकारी होता. गढा-मंडल्याच्या राजांचा त्याने लिहिलेला इतिहास १८३७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दुर्गावती रूपवती आहे, दलपत देखणा आहे. मुलीचं लग्न आधीच दुसरीकडे ठरलेलं आणि कूळ कमी म्हणून बापाचा नकार. पण मुलीच्या मनात दलपत भरलेला. मग दलपत सैन्य घेऊन येतो, लढाई जिंकतो आणि तिला घेऊन जातो.

यातलं खरं कुठलं? अबुल फजल जिंकणाऱ्या दरबाराचा लेखक होता. गोंड राजाला कुळाने खाली दाखवण्यात त्याला अडचण नव्हती. स्लीमनकडे आलेली गोष्ट राणीला देवीसारखं मानणाऱ्या मुलखातली होती. दोघांचेही आपापले हेतू आहेत. मला त्यातला एक फरक मात्र फार बोलका वाटतो. पहिल्या गोष्टीत दुर्गावतीचं मत काय होतं याचा विषयच निघत नाही. दुसऱ्या गोष्टीत तिला मत आहे, आणि सगळं युद्ध त्या मतामुळे घडतं. लोकांनी राणीच्या लग्नात प्रेम घातलं म्हणजे नेमकं काय केलं? त्यांनी तिची संमती घातली. जी बाई पुढे नवरा गेल्यावर लहान मुलाच्या नावाने सुमारे दीड दशक राज्य करणार आहे, १५६४मध्ये आसफखानाच्या फौजेसमोर हत्तीवर बसून लढणार आहे आणि पकडलं जाण्याऐवजी स्वतःच्या हाताने मरण पत्करणार आहे, तिला कुणीतरी कर्जापोटी देऊन टाकलं होतं, हे ऐकणाऱ्यांना पटेना. म्हणून गोष्ट बदलली.

चांद्याच्या घराण्यात अशीच एक सोयरीक झाली, पण ती गोष्ट कुणी बदलली नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे बीरशहा राज्य करत होता. त्याची राणी हिराई. जुन्या सेटलमेंट रिपोर्टांतून आणि गॅझेटियरांतून आलेली कथा अशी: बीरशहाची मुलगी देवगडच्या घराण्यातल्या दुर्गपालाला दिली होती. काही जण त्याला दुर्गशहा म्हणतात. देवगड आणि चांदा ही शेजारची, एकमेकांवर डोळा ठेवून असलेली राज्यं. सोयरीक कशासाठी झाली असेल हे सांगायला इतिहासकार लागत नाही. दुर्गपालाने मुलीचा अपमान केला. बीरशहाने शपथ घेतली की जावयाचं मुंडकं महाकालीच्या पायाशी वाहीन. लढाई झाली, शपथ पुरी झाली. त्याची खूण म्हणून महाकालीच्या देवळावर देवगडच्या दिशेला तोंड केलेलं दगडी मुंडकं बसवलं, असं सांगतात.

चैत्र पौर्णिमेला महाकालीची जत्रा भरते. मराठवाड्यातून, नांदेडकडून, तेलंगणातून माणसं येतात, झरपट नदीच्या काठावर मुक्काम करतात. चैत्रातलं चंद्रपूरचं ऊन म्हणजे काय हे भोगल्याशिवाय कळत नाही. तरी ही माणसं रांगेत उभी असतात, आणि त्यांत बाया जास्त दिसतात.

या कथेत तलवार आहे, शपथ आहे, मुंडकं आहे. मुलीबद्दल मात्र एकच वाक्य आहे: तिचा अपमान झाला. काय बोलला तो? ती परत आली का? बापाने नवऱ्याचं डोकं आणून देवीला वाहिलं तेव्हा तिला बरं वाटलं की ती आतून मोडली? करारविवाहाची कादंबरी लिहिणारी कुठलीही लेखिका इथे चाळीस भाग काढेल. बखर एका ओळीत पुढे जाते, कारण बखरीच्या दृष्टीने अपमान बीरशहाचा झाला होता.

आता हिराई. माझ्या मते सोयीच्या लग्नाची सगळ्यात गुंतागुंतीची गोष्ट तिची आहे, आणि ती प्रणयकथेच्या साच्यात बसत नाही.

बीरशहाला मुलगा नव्हता. तो दुसरं लग्न करायला निघाला. त्याच्या पदरी हिरामण नावाचा एक रजपूत होता, ज्याच्या तलवारीत काही अद्भुत शक्ती असल्याची वदंता होती. राजाने ती तलवार पाहायला मागितली, त्यावरून वितुष्ट आलं आणि या दुसऱ्या लग्नाच्या वेळीच हिरामणने राजाला ठार केलं, अशी कथा आहे. साल साधारण १७०४. हिराईने चंदनखेड्याच्या शाखेतला रामशहा हा मुलगा दत्तक घेतला आणि तो जाणता होईपर्यंत, म्हणजे साधारण १७१९पर्यंत, कारभार स्वतः पाहिला. महाकालीचं आजचं देऊळ तिने उभं केलं असं मानतात. रामशहाचं नाव शहरातल्या रामाळा तलावाशी जोडलं जातं. आणि नवऱ्यासाठी तिने समाधी बांधली.

अचलेश्वराच्या देवळाजवळ गोंड राजांच्या समाध्यांचं आवार आहे. तिथे बीरशहाची समाधी बाकीच्यांहून उठून दिसते: भक्कम, चौरस, मोठी. चंद्रपुरात पाहुणे आले की कुणीतरी हमखास सांगतं, ताजमहाल नवऱ्याने बायकोसाठी बांधला, हा बायकोने नवऱ्यासाठी. सांगणाऱ्याचा आवाज जरा चढलेला असतो. पाहुणे मान डोलावतात, फोटो काढतात. तो नवरा दुसऱ्या बाईशी लग्न करायला निघाला होता, हे त्या वाक्यात कुणी घालत नाही.

मग हे प्रेम होतं का?

इतिहासाच्या बाजूने पाहिलं तर समाधीचा दुसरा अर्थ चटकन लागतो. राजा मारला गेलेला. गादीवर दुसऱ्या शाखेतून आणलेलं पोर. कारभार एका विधवेच्या हाती. एका बाजूला देवगड, ज्याचा एक माणूस आपल्या नवऱ्याने मारलेला. त्याच देवगडच्या बख्त बुलंदने नुकतंच नागपूर वसवलेलं. अशा वेळी आपण कुणाच्या वतीने राज्य करतो हे रोज, सगळ्यांना दिसेल असं सांगावं लागतं. दगडाची समाधी म्हणजे तसा न पुसता येणारा दस्तऐवज. मी बीरशहाची राणी, हा बीरशहाचा वारस. नवऱ्याची आठवण जितकी उंच, तितकी तिची गादी घट्ट.

पण एवढ्यावर थांबलं तर आपणही बखरकारांसारखेच होतो. मुलगा झाला नाही म्हणून सवत आणायला निघालेल्या माणसाबद्दल तिला राग नसेल? असेलच. मुलीसाठी जावयाचं डोकं उतरवणाऱ्या बापाबद्दल काहीतरी हललंही असेल. इतक्या वर्षांच्या संसारात माणूस दुसऱ्या माणसाला जसा ओळखतो तसं ती त्याला ओळखत असेल, आणि त्या ओळखीला प्रेम म्हणायचं की सवय, हे आजच्या नवरा-बायकोंनाही सांगता येत नाही. राज्याची सोय आणि मनातलं दुःख एकाच दगडात बसवता येतात. समाधी बांधताना गवंड्याला हे दोन वेगळे हिशेब मांडावे लागत नाहीत.

मराठी ऐतिहासिक कादंबरीला अशा लग्नांचं आकर्षण नेहमीच राहिलं. फक्त तिचे रस्ते पुणे, सातारा, रायगड याच बाजूला जास्त वळले. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२मध्ये आली, १९६४मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मालिका झाली. लोक ती माधवराव पेशव्यांच्या राजकारणासाठी वाचतात असं म्हणतात. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. माझ्या आत्याने ती किती वेळा वाचली याची गणती नाही, आणि तिला राक्षसभुवनची लढाई कुणामध्ये झाली हे आजही सांगता येणार नाही. ती वाचायची माधवराव आणि रमाबाईंसाठी. पोरवयात लावून दिलेलं लग्न, मग हळूहळू एकमेकांत गुंतत जाणं, मधे राज्य, मधे आजार. ना. सं. इनामदारांची 'राऊ' १९७२ची. त्यातली मस्तानीसुद्धा सुरुवातीला एक राजकीय सोयच आहे. १७२९मध्ये बाजीरावाने छत्रसालाला बंगशाच्या वेढ्यातून सोडवलं, त्या संबंधातून ती पुण्याच्या दिशेने निघाली. पुढे त्या सोयीचं काय झालं हे पुण्याला झेपलं नाही.

आत्या अठराव्या वर्षी लग्न होऊन बल्लारपूरला आली. नवऱ्याला तिने लग्नाआधी एकदा पाहिलं होतं, तेही चहाचा ट्रे हातात असताना. मी तिला एकदा विचारलं, तू स्वतः ठरवून दिलेलं लग्न केलंस, मग पुस्तकात परत तेच काय वाचतेस? ती म्हणाली, "अवं पोरी, सिनेमात लगन झालं का गोष्ट संपते. आमची तं लगन झाल्यावरच सुरू झाली. मंग आमची गोष्ट कोन सांगन?"

मी बरीच समीक्षा वाचली आहे. या प्रकाराबद्दल याहून नेमकं मला कुठे सापडलं नाही. प्रेमविवाहाची कथा लग्नापाशी थांबते, कारण तिचा प्रश्न 'हे दोघं एकत्र येतील का' हा असतो. सोयीच्या लग्नाची कथा तिथून पुढे निघते. तिचा प्रश्न असतो, अनोळखी माणसाच्या घरात राहायचं कसं. आमच्याकडच्या बहुतेक बायकांना आयुष्याने हाच प्रश्न घातला आहे.

याच कारणाने वडसा-देसाईगंजच्या नाटकांना थंडीत माणसं मावत नाहीत. झाडीपट्टीची रंगभूमी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दिवाळीनंतर धान घरात आलं की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या गावांत नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत. कंपन्या बहुतेक वडशाच्या. या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. नाटकं मुख्यतः कौटुंबिक: सून, सासू, कुंकू, फसवून लावलेलं लग्न, वचनापायी केलेलं लग्न. शहरातला प्रेक्षक याला मेलोड्रामा म्हणून नाक मुरडतो. पण घोंगडीत पोर गुंडाळून पहाटे तीन वाजता डोळे ताणून बसलेल्या बाईला विचारा. नायिका नवऱ्यासमोर उभी राहून आपलं म्हणणं मांडते तेव्हा शिट्ट्या पुरुषांच्या बाजूने येतात आणि बायकांच्या बाजूला एकदम शांतता होते. त्या शांततेत काय चाललेलं असतं, ते मला कळतं असं वाटतं.

मराठी रंगभूमीने लग्नातल्या सौद्यावर हल्लाही केला होता हे विसरायला नको. देवलांचं 'संगीत शारदा' १८९९चं. पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी कोवळी मुलगी, आणि वाचवायला धडपडणारे तरुण. शारदा आणि आजची करारकथा यांचा विषय एकच, मुलीचा व्यवहार. शारदेत तो व्यवहार मोडावा लागतो. करारकथेत तो मोडत नाही. तिथे मुलगी व्यवहाराच्या टेबलावर वस्तू म्हणून नसते, दुसऱ्या बाजूला बसलेली असते. स्वतःच्या अटी घालते. सही तिची असते.

मघाशी खुर्ची म्हणाले ती हीच. लोक म्हणतात या कथांचं आकर्षण श्रीमंत, खडूस, आतून हळवा नायक. असेल. मी जेव्हा वाचते तेव्हा माझं बोट ज्या भागावर थांबतं तो भाग पहिल्या स्पर्शाचा नसतो. तो अटींचा असतो. ती म्हणते, मी नोकरी सोडणार नाही. तो म्हणतो, ठीक. ती म्हणते, माझ्या आईला महिन्याला इतके पैसे जातील. तो म्हणतो, ठीक. ती म्हणते, माझ्या खोलीचं दार मी उघडेन तेव्हाच उघडेल. आणि तो सही करतो. पुढचे चाळीस भाग तो त्या सहीला जागतो, आणि म्हणून ती त्याच्या प्रेमात पडते. दिलेला शब्द पाळणारा पुरुष यापेक्षा मोठी प्रणयकल्पना मला तरी माहीत नाही.

या कथांत खटकणारं पुष्कळ आहे. कित्येकींत नायक अट मोडतो आणि लेखिका त्यालाच प्रेमाचा पुरावा ठरवते. दार त्याने न विचारता उघडलं की खाली बदामांचा पाऊस. हा भाग आला की मी कथा सोडून देते. ऐतिहासिक वेष घातलेल्या कथांत हे जास्त खपून जातं, कारण 'त्या काळी असंच होतं' हे वाक्य हाताशी असतं. त्या काळी काय होतं हे दुर्गपालाच्या गोष्टीत आहे, आणि त्याचा शेवट प्रणयात झाला नाही.

गेल्या वर्षी माझ्या मामेबहिणीसाठी गडचिरोलीहून एक स्थळ आलं. मुलगा तलाठी, सरकारी नोकरी, म्हणजे आमच्या घरात अर्धा सण. ती नर्सिंग करून नागपूरला कामाला आहे. पाहण्याच्या कार्यक्रमात 'मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू दे' असं मोठेपणाने म्हटलं जातं आणि मुलीने खाली बघून 'काही नाही' म्हणायचं असतं. तिने पर्समधून फोन काढला आणि नोट्समध्ये लिहून आणलेलं वाचलं. सात मुद्दे होते. बदली, पगार, आईवडिलांना पाठवायची रक्कम, मूल कधी, असे. मामा घामाने डबडबला. मोठी आई उठून स्वयंपाकघरात गेली. मुलाने तिला ते व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगितलं. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं: पाच मान्य, एकावर बोलू, एक जमणार नाही. आणि खाली त्याचे स्वतःचे तीन मुद्दे.

ती हे मला दाखवताना हसत होती. मी विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, कुठे म्हणजे? तूच तर लिंका पाठवतेस.

लग्न झालं की नाही ते इथे सांगत नाही. तिने तशी अट घातली आहे.

मला मात्र हिराईची कादंबरी वाचायची आहे. अशी, की जी वरातीच्या रात्री सुरू होईल. लग्नघरात आरडाओरडा चाललेला, राजा पडलेला, नवी नवरी कुठल्यातरी दालनात कुणी लक्ष न दिल्यामुळे तशीच बसून राहिलेली. त्या मुलीचं पुढे काय झालं हेही लेखिकेने सांगावं. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अचलेश्वर, चारही वेशी बंद करायचा हुकूम कुणीतरी द्यायला हवा आणि सगळे एकमेकांकडे बघताहेत. तेव्हा जिला आज या समारंभात जागाच नव्हती, ती राणी आतून बाहेर येते. प्रेताकडे पाहते. मग किल्लेदाराकडे वळते.